डावीकडची सीट

"पाय उचलू नको गो, सोड. उचलणं वेगळं, सोडणं वेगळं." क्लचवरचा पाय कसा काढावा हे सांगताना आमचे सर तळहात हवेत धरून इतक्या सावकाश वर आणत, की बघणाऱ्याला वाटावं, तान्हं मूल झोपवून उठताहेत.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या सर्कलला वळसा घालणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं असेल. त्यांचा ड्रायव्हिंग क्लास होता. पांढरी गाडी, आणि सर बसत त्या डावीकडच्या सीटपुढे त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक नि क्लच. मी चाळिशी उलटल्यावर शिकायला गेले. सरांच्या शेजारीच राहतो म्हणजे बोलणी कमी बसतील असा माझा भाबडा समज होता. भाट्याच्या पुलावर समोरून डंपर आला तेव्हा मी घाबरून डोळे मिटले. सरांनी ब्रेक दाबला आणि अगदी शांतपणे विचारलं, "दोघांनी मिटूया काय?"

कौतुक मात्र कधी नाही. "बरं चाललंय" एवढंसुद्धा नाही. माणूस प्रेमळ होता हो, पण चांगला शब्द ओठांपर्यंत येईतो सुकून जायचा.

त्यांचा मुलगा निखिल अठरा वर्षांचा झाला तेव्हा तोही क्लासच्या गाडीत बसला. मी मागच्या सीटवर माझी पाळी यायची वाट बघत होते. सर्कलवर गाडी बंद पडली. त्याने चालू केली, पुन्हा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गजर. सर म्हणाले, "ऊठ. तुझ्याच्याने नाय होणार."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी खाल्लं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. पण आम्ही त्यांची मुलं नव्हतो. निखिल उतरला, रस्ता ओलांडून चालत घरी गेला, आणि पुन्हा त्या गाडीत बसला नाही. सरांनीही त्याला पुन्हा बोलावलं नाही.

पुढे तो इंजिनियर होऊन जर्मनीत, श्टुटगार्टला गेला. तिथे त्याने लायसन्स काढल्याची बातमी सरांना निखिलच्या आईकडून कळली. त्या दिवशी क्लासला आलेल्या प्रत्येकाला सरांनी तिकडची परीक्षा किती कडक असते ते ऐकवलं. मुलाला फोन लावून अभिनंदन करणं मात्र राहून गेलं.

काही वर्षांनी निखिलने आईवडिलांना तिकडे बोलावलं. गल्लीतले लोक चिडवायला लागले, सर, जर्मनीत गाडी चालवून या, तिकडच्यांनाही दोन गोष्टी शिकवा. सर मला फाटकाशी म्हणाले, "चालवायला नाय जात मी. बसायला जातोय. त्याच्या बाजूला."

परत आले ते तिकडचा एक किस्सा घेऊनच. निखिलकडे स्वतःची गाडी नव्हती, त्याचं ट्रामने भागायचं. आईवडिलांना फिरवायला म्हणून त्याने आठवडाभरासाठी भाड्याची गाडी घेतली. सर सवयीप्रमाणे ऐटीत डावीकडे जाऊन बसले, पट्टा लावला, बघतात तर पुढ्यात स्टिअरिंग! निखिल दाराशी उभा राहून विचारतोय, बाबा, तुम्ही चालवताय का? मग दोघंही पोट धरून हसले. किती वर्षांनी एकत्र हसलो, असं सर मला दोनदा म्हणाले.

शहर आपल्या रत्नागिरीसारखंच चढउताराचं, फक्त कुणी हॉर्न वाजवत नाही, असं सांगता सांगता ते निखिलवर आले. "फार सुंदर चालवतो गो. आरसा बघतो. माणूस दिसला की थांबतो. मला सांगायला काय उरलंच नाय."

मी विचारलं, हे त्याला सांगितलंत का?

"त्यात सांगायचं काय? बसलो होतो ना." मग आवाज खाली आला. "दुसऱ्याच दिवशी गाडी परत देऊन आला. म्हणाला, ट्रामच बरी. मी बाजूला नको असेन त्याला. जुनं विसरला नसेल."

मी म्हटलं, फोनवर विचारा एकदा सरळ. विचारतो म्हणाले. रोज संध्याकाळी निखिलचा फोन यायचा. तिकडे थंडी किती, इकडे आंब्याला मोहोर कसा, सगळं बोलणं व्हायचं. एवढं सोडून.

गेल्या दिवाळीनंतर सर गेले. सकाळी चहा पितानाच.

निखिल आला. तेराव्यानंतर एका दुपारी तो आमच्याकडे बसला होता. सर तुझ्या गाडी चालवण्याचं फार कौतुक करत होते, असं मी बोलून गेले.

"कसं करतील, काकी? जीव मुठीत धरून बसले होते. पाय असे मागे, सीटखाली ओढून. मला वाटलं, यांचा माझ्यावर अजून विश्वास नाही. उगाच कशाला त्यांना त्रास, म्हणून गाडी परत केली."

आता हे तुम्हालाही सांगायला हवं. सरांचा पाय कायम ब्रेकच्या तयारीत असे. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले तरी तो चटईवर ब्रेक शोधत राही. मात्र ज्याच्या हातावर त्यांचा पुरता भरवसा बसला, त्याच्या शेजारी ते दोन्ही पाय मागे घेऊन सीटखाली दुमडत. तोंडाने अवाक्षर नाही. आम्ही शिकणारे तिरक्या नजरेने ते पाय बघायचो. पास होणं म्हणजे तेच. माझ्या वाट्याला ते अगदी शेवटी एकदा आलं, तेव्हा मी घरी येऊन शिरा केला होता. निखिल एकच दिवस त्या गाडीत बसलेला. त्याला हे कुठून कळणार? मला त्या बापलेकांचा अजून राग येतो आणि रडूही येतं.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून आपल्याच पायांकडे बघितलं.

"तीन आठवडे होते ते तिथे, काकी," तो म्हणाला. "भाड्याची गाडी तिकडे केव्हाही मिळते. मोबाइलवर बटण दाबलं की झालं."