चाचांनी मांडलेली चूल

भूकंप झाला त्या दिवशी आई गेली. आमच्या आणि शेजारच्या सलीमचाचांच्या घरामधली भिंतही पडली. त्या भिंतीच्या हद्दीवरून बाबा आणि चाचा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आज लातूरच्या क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंधांतला रचनावाद शिकवत होतो. दोन देशांमधलं वैर नुसत्या सैन्यावर किंवा डोंगर-नद्यांवर ठरत नाही. ते एकमेकांना काय समजतात, यावर ठरतं. बाहेरच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. तापल्या पत्र्याच्या वासानं माझा खडू थांबला.

भूकंपानंतर तशाच पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही घरांना मिळून एकच खोली मिळाली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबांनी सांगायच्या आत मी पडक्या भिंतीचे दगड आणून खोलीच्या मधोमध ओळीनं लावले. चाचा बघत राहिले. मग त्यांनी त्यातलेच तीन दगड उचलले आणि त्याच ओळीवर चूल मांडली.

“मास्तर, मधीच हाय. तुमची बी, आमची बी,” ते बाबांना म्हणाले.

चूल पेटली तेव्हा बाबा बोलले, “धूर माझ्याकडंच यायलाय, सलीम.”

“मग इकडं सरका की!”

बाबा सरकले. मला त्यांचा राग आला.

आता तोच प्रसंग मुलांना सांगावासा वाटतो, पण मी पुन्हा फळ्याकडे वळतो. बाबा गेले, चाचाही गेले. नव्या वसाहतीत चाचांचा मुलगा माझ्या शेजारी राहतो. आमच्यामध्ये भिंत आहे. ती मी बांधली.