प्रभारी मालिनीताई

मुलाखतीला आलेल्या माणसाला मालिनीताईंचा पहिला प्रश्न असे, "काही खाल्लंत का?" उत्तराची वाट न पाहता त्या डबा उघडीत. आमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय वसईजवळच्या सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात, एका भाड्याच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. खाली गोदामं, शेजारी प्लास्टिकच्या बादल्या तयार करणारा कारखाना. तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर, घशाला चिकटणारा वास जिन्याने आमच्यासोबत वर येई आणि दिवसभर आमच्यासोबत राही. त्या वासात मालिनीताईंच्या डब्यातली सुकेळी दरवळली, की भिंतीपलीकडे कुठेतरी ऊन पडल्यासारखं वाटे. सुकेळी म्हणजे त्यांच्या वाडीतली राजेळी केळी, सोलून उन्हात वाळवलेली. मधाच्या रंगाची, बोटांना किंचित चिकटणारी.

आज त्या ग्रंथालयात एका एजन्सीने पाठवलेली माणसं बसतात. दर काही महिन्यांनी ती बदलतात. मीही तिथे नाही. मालिनीताई राजोडीकडच्या आपल्या वाडीत असतात. आम्ही भेटतो तेव्हा त्या मला पावसाबद्दल विचारतात, माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारतात. ग्रंथालयाबद्दल विचारीत नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सहायक ग्रंथपालाच्या पदासाठी मुलाखत द्यायला गेले तेव्हा. त्याच दिवशी ग्रंथपालाच्या पदाच्याही मुलाखती होत्या. मार्गिकेतल्या बाकांवर आम्ही सारे फायली मांडीवर घेऊन बसलो होतो. कुणी रात्रभर बसने आलेलं, कुणी प्रसाधनगृहात शर्ट बदलून आलेलं. निळ्या काठाची सुती साडी नेसलेल्या एक बाई डबा घेऊन बाकाबाकांवरून फिरत होत्या. मी त्यांना कार्यालयातल्या कुणी समजले. मी नको म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलाखत आहे, उपास नाही. घ्या."

एवढ्यात आतून पुकारा झाला, "मालिनी राऊत." बाईंनी रुमालाला बोटं पुसली आणि डबा माझ्या हाती दिला. "पुढे पोचवा. त्या कोपऱ्यात परभणीचे गायकवाड बसलेत, त्यांना नाही म्हणायची सवय आहे. त्यांना दोन द्या." पदर सारखा करून त्या आत गेल्या.

मग मला गायकवाडांकडून कळलं, की या बाई इथल्याच प्रभारी ग्रंथपाल. ग्रंथपालाचं पद विद्यापीठ सुरू झाल्यापासून रिकामं होतं. मालिनीताईंची नेमणूक कंत्राटी सहायकाची. पण सांभाळणारं कुणी नाही म्हणून पदाचा भार त्यांच्यावर टाकलेला. पद भरायची वेळ आली, की मुलाखतीची खोली झाडून घेणं, खुर्च्या मांडणं, समितीच्या टेबलावर पाणी ठेवणं हेही त्यांच्याकडेच येई. आपण स्वतः उमेदवार आहोत, तेव्हा आपल्याला या कामातून वगळावं, असं त्यांनी कुलसचिवांना सांगून पाहिलं होतं. कुलसचिव म्हणाले होते, "बरोबर आहे तुमचं. पण दुसरं कोण आहे?" मग त्या सकाळी लवकर येत, वाडीतला सोनचाफा समितीपुढच्या वाटीत ठेवीत, खोलीवर एक नजर टाकीत आणि बाहेर येऊन उमेदवारांच्या बाकावर बसत.

त्या दिवशी योग्य उमेदवार आढळला नाही. कुठल्याच पदासाठी, कुणीच. काही दिवसांनी मला मालिनीताईंचा फोन आला. "कायमचं नाही. अकरा महिन्यांचा करार आहे. पण ये. खिडक्या पश्चिमेला आहेत."

त्या खिडक्यांचं महत्त्व मला तिथे राहून कळलं. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला, की कारखान्याचा वास मागे हटे आणि दालनात ओलसर, खारट हवा भरे. ती हवा माणसांना बरी, पुस्तकांना वाईट. मालिनीताई कपाटांपाशी जाऊन पुस्तकाच्या पाठीवर तळहात टेकीत, आजाऱ्याच्या कपाळावर टेकावा तसा, थोडं थांबत आणि सांगत, "ही ओळ उद्या उन्हाला." संगणकावर सारी सूची होती, पुस्तकांवर बारकोड होते, पण दमट झालेलं पुस्तक संगणकाला कळत नसे. ग्रंथपालासाठी काचेची खोली होती. तिथली खुर्ची त्या रोज पुसून घेत आणि स्वतः बाहेरच्या टेबलाशी बसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "खुर्ची पदाची आहे. मला टेबल दिलंय."

त्यांना काय हवं होतं, हे मला एका दुपारी समजलं. त्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर सह्या करीत होत्या आणि प्रत्येक सहीखाली मी शिक्का उमटवीत होते, 'प्रभारी ग्रंथपाल'. शाई वाळायची वाट पाहत त्या म्हणाल्या, "हा शब्द पुढे लागला, की माणूस आयुष्यभर दारात उभा असल्यासारखा वाटतो. आत या असं कुणी म्हणत नाही, निघून जा असंही म्हणत नाही. एकदा तरी त्याच्याशिवाय सही करायची आहे मला." त्या मोठ्याने काही मागणाऱ्या नव्हत्या. म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

करार संपे तेव्हा पुढचा करार सुरू होण्याआधी एक दिवसाचा खंड पडे. नोकरी सलग दिसू नये, म्हणून केलेली ती व्यवस्था. त्या दिवशी आम्ही कायद्याने कुणीच नसू. बाकीचे घरी थांबत. मालिनीताई मात्र नेहमीच्या वेळेला येत, बाहेरच्या वाचकांसाठी ठेवलेल्या वहीत नाव लिहीत आणि वाचन कक्षात खिडकीशी बसून कविता वाचीत. कुणी काही विचारायला आलं, तर गोड हसून सांगत, "आज मी वाचक आहे." विद्यार्थ्याचा चेहरा पडला, की पुढे म्हणत, "बरं, तिसऱ्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर बघ. मी सांगितलं नाही हं."

जाहिराती निघत, अर्ज येत, मुलाखती ठरत. एकदा आरक्षणाच्या बिंदुनामावलीत चूक निघाली, एकदा कुणी न्यायालयात गेलं. एकदा सगळे आले, पण बाहेरचे विषयतज्ज्ञच आले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मार्गिकेत माणसं बसून होती. प्रत्येक खेपेला बहुतेक तीच माणसं असत. एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण लग्नकार्यात वर्षांनी भेटणाऱ्या नातेवाइकांसारखी ती एकमेकांची चौकशी करीत. गायकवाड खिशातून मुलीचा फोटो काढून दाखवीत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कडेवर होती. आता तिच्या अंगात शाळेचा गणवेश होता.

"ताई, ह्या टायमाला होतंय बघा," गायकवाड म्हणाले. "समिती पूर्ण बसणार हाय म्हणत्यात."

"मागच्या वेळी हेच म्हणाला होतात."

"मागच्या टायमाला मनातून म्हणलो नव्हतो."

मालिनीताई खळखळून हसल्या. मी त्यांना हळूच विचारलं, की गायकवाडांचं झालं तर? "तर मी त्यांना कुठल्या भिंतीला ओल येते ते दाखवीन," त्या म्हणाल्या. "चांगला माणूस आहे. मी त्याच्यावर रागावेन, पण घरी जाऊन." तेवढ्यात आमचे शिपाई भोईर खोलीतून बाहेर आले. ते खाडीकाठच्या शेतकरी घरातले, निवृत्तीला टेकलेले. "मॅडम, समितीचं पानी आत तसंच हाय," ते म्हणाले. "आता कोन येनार? बाटल्या या लोकांना देऊन टाकू?" बाटल्या वाटल्या गेल्या. मुलाखत तेवढीच झाली.

त्यानंतर काही काळाने पुन्हा जाहिरात निघाली आणि त्याच सुमारास विद्यापीठाच्या मूल्यमापनासाठी बाहेरची समिती येणार असं ठरलं. कुलसचिवांनी सांगितलं, की समितीपुढे रिकाम्या पदाचा प्रश्न निघेलच, मग वरची मंडळी हलतील. मालिनीताई महिनोन्महिने राबल्या. कपाटं हलवून मागच्या भिंती पुसल्या, फाटक्या पाठी शिवल्या, अंध विद्यार्थ्यांसाठी ऐकायच्या पुस्तकांचा कोपरा केला. त्यांच्या नखांत सतत खळ असे.

भोईरांना हे पसंत नव्हतं. "मॅडम, येक कपाट तरी तसंच ठेवा," एका दुपारी ते म्हणाले. "सगला चकाचक दिसला त तुमची गरज कोनाला वाटनार? घर गलायला लागल्याबिगर कौलं कोन बदलतंय?"

"परीक्षा चालू आहेत, भोईर. कपाट तसंच ठेवलं, तर मुलांना पुस्तक मिळणार नाही."

"पोरं दोन दिस रडतील. तुमी किती वरसं..."

एकदा मालिनीताईंनी ऐकलंही. नव्या पुस्तकांचा ढीग नोंदी न करता टेबलावर ठेवायचा, समितीने विचारलं तर माणूसबळ नाही असं खरं तेच सांगायचं, असं आम्ही ठरवलं. सकाळभर त्या ढिगाकडे पाठ करून त्या बसल्या. कोऱ्या कागदाचा, ताज्या शाईचा वास पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्याकडे जात होता आणि त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चाळवत होती. दुपारी एक मुलगी आली. "मॅडम, त्यातलं वरचं संख्याशास्त्राचं मिळेल का? परवा पेपर आहे." मालिनीताई माझ्याकडे पाहू लागल्या, मग तिच्याकडे. "बस पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी टेबल रिकामं होतं. एका पुस्तकासाठी उठलेल्या मालिनीताई साऱ्यांच्याच नोंदी करून बसल्या होत्या. भोईरांनी ओल्या फडक्याने टेबल पुसलं.

समिती आली, दालनभर हिंडली, खूश झाली. इतक्या कमी माणसांत इतकं नेटकं ग्रंथालय क्वचित दिसतं, असं अध्यक्ष म्हणाले. मालिनीताईंच्या गालांवर तेव्हा जी लाली चढली, ती आठवली की मला आजही खाली पाहावंसं वाटतं.

पुढच्या महिन्यात कुलसचिव स्वतः जिना चढून वर आले. ते कधी येत नसत. जाहिरातीची मुदत संपली होती, अर्ज आले होते, मुलाखतीचा दिवसही उमेदवारांना कळवला गेला होता.

"राऊत मॅडम, अभिनंदन. सगळ्यात चांगले शेरे ग्रंथालयाला मिळालेत."

"आभारी आहे, सर. मुलाखतीची खोली कधी मांडायची?"

"तेच सांगायला आलो." त्यांनी दालनावर नजर फिरवली. "वर सगळ्यांचं मत असं पडलं, की आहे त्या व्यवस्थेत काम इतकं उत्तम चाललं आहे, तर पद अडवून ठेवण्यात अर्थ नाही. संगणक विभागाला माणूस हवाच होता. ग्रंथपालाचं पद तिकडे वळवलं."

"म्हणजे मुलाखती..."

"रद्द. आता गरजच काय? तुम्ही आहातच की."

ते मनापासून कौतुक करीत होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या आवाजात कुठेही कडूपणा नव्हता. मालिनीताईंनी एवढंच विचारलं, की उमेदवारांना कोण कळवणार. संकेतस्थळावर सूचना टाकू, असं ते म्हणाले. "लोकांनी तिकिटं काढली असतील, सर," मालिनीताई म्हणाल्या. "मी फोन करते."

वारा सुटायची वेळ होती. त्या पश्चिमेच्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि एकेकाला फोन लावू लागल्या. "नमस्कार, मालिनी राऊत बोलते, ग्रंथालयातून." प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, त्याच संथ आवाजात, जणू प्रत्येकाची ही पहिलीच वेळ. कुणी तिकिटाच्या पैशांचं विचारलं. कुणी त्यांनाच अधिकारी समजून बोल लावले. त्यांनी ते ऐकून घेतले. गायकवाडांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता.

"पदच गेलं म्हणता? मग आता आपण भेटायचं कुठं, ताई?"

मालिनीताई म्हणाल्या, "वसईला या ना सहज. इतक्या खेपा घातल्यात, पण समुद्र पाहिला नाहीत. मुलीलाही आणा."

"कामाबिगर एवढ्या लांब कोण येतंय हो," गायकवाड म्हणाले. मग लगेच, "येतो, येतो. बघू."

फोन ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. खाली ट्रकमध्ये बादल्यांच्या चळती चढत होत्या, एकात एक बसताना पोकळ वाजत होत्या. वाऱ्याने त्यांच्या कपाळावरचे केस उडत होते आणि त्या ते मागे सारीत नव्हत्या. भोईर किल्ल्या घेऊन दाराशी आले. त्यांना सारं कळलं होतं.

"झाले का फोन समद्यांना?"

"एक राहिलाय. मालिनी राऊत."

"मंग लावा. मी थांबतो."

"ती उचलायची नाही, भोईर."

भोईरांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मंग उद्या सांगा तिला," ते म्हणाले. मालिनीताईंनी मान डोलावली, टेबलाशी येऊन बसल्या आणि दिवसभरात परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी पुढे ओढला.