एक बंद करा आणि ऐका

टेलिफोनच्या बाई ‘हॅलो’च्या आधीच्या श्वासावरून माणूस ओळखायच्या. हिंगोलीच्या एक्स्चेंजमध्ये त्यांची उमर गेली. तिथं संगणक आले तेव्हा त्यांनी जिद्दीनं लिनक्स ही संगणक चालवायची प्रणाली शिकून घेतली. निवृत्त झाल्यावर सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावात भावाकडे राहायला आल्या आणि माझ्या इंटरनेटच्या दुकानात येऊन बसू लागल्या.

दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं मात्र जुने, दमलेले संगणक माझ्या गळ्यात मारले. भाव पाडला म्हणून मी खूश होतो आणि तो मनात हसत होता. तो राग अजून गेलेला नाही. फुकट मिळतं म्हणून त्यांवर लिनक्स टाकलं. त्यात भारनियमन. वीज यायची आणि मशीन रांगत रांगत चालू होईपर्यंत परत जायची. गिऱ्हाईक उठून सेनगावची जीप धरायचं. आणखी काही महिने असेच गेले असते, तर शटर कायमचं खाली आलं असतं.

बाईंनी मशीन सुरू केलं आणि डोळे मिटून त्याची घरघर ऐकली. मग मशीनसोबत आपोआप उठणारे प्रोग्राम एकेक करून दाखवले. एक ब्लूटूथची वाट पाहत होता, एक प्रिंटर शोधत होता. माझ्याकडे दोन्ही नव्हते.

“सगळेच बंद करून टाका! काहून एकेक करून राहिल्या?” मी ओरडलो.

“एक फोन बिघडला म्हणून गावभरच्या तारा तोडायच्या का, भाऊ? एक बंद करा आणि ऐका. कोणी बोंबललं न्हाई, तर पुढचा.”

असं करत करत तेच मशीन शेजारच्या हॉटेलात चहाला उकळी फुटायच्या आत उठू लागलं. नवा भाग नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. मी नुसता बघत राहिलो.

पुसेगावचे एक गृहस्थ नेहमी ऑनलाइन अर्ज भरायला येत. मळणी यंत्रात त्यांचा डावा हात गेला होता. एका दुपारी ते थोडा वेळ खटपट करून उठले. “राहू द्या, येतो नंतर.”

मला काहीच कळलं नाही. बाई मात्र दारात आडव्या आल्या. “बसा. तुमचं काही चुकलं न्हाई. आमीच तुमची लाइन तोडली.”

शिफ्टचं बटण दाबून धरायला दुसरा हात न लागता टाइप करता यावं, ही सोय एका प्रोग्रामात होती. तो आम्ही फालतू समजून बंद केला होता. बाईंनी तो पुन्हा चालू केला.

“एका माणसापायी मशीन हळू करता?” मी चिडलो. गृहस्थांनी एका हातानं अख्खा अर्ज पूर्ण केला.

पुढं बाई मुलीकडे औरंगाबादला निघाल्या. मी जीपपर्यंत पोचवायला गेलो. बसल्यावर त्या बाहेर वाकून हळूच म्हणाल्या, “भाऊ, त्या दिवशी ते पुसेगावचे काहून बोंबलले न्हाईत, ठाऊक आहे? तुमाला भ्यायले. गिऱ्हाईक उठून जायचं, ते सगळं विजेपायी न्हाई.”

जीप सुटली. उलट उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं. ते बंद केलं आणि दुकानाकडे वळलो.