आत्याच्या ओठावरचा फोड

ओठाच्या कडेला आधी मुंग्या येतात. तिथली कातडी चुरचुरते, ताणल्यासारखी होते, आणि मला कळतं की आता आठ-दहा दिवस हसायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो. ते फुटतात, पिवळट खपली धरते, आणि घास घेताना तोंड उघडलं की ती चिरते. आमच्याकडे याला ओठावर ताप उतला म्हणतात, मग अंगात ताप असो वा नसो.

त्या आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांपायी ट्रामा दोनदा बंद पडल्या. दोन्ही वेळा ऑफिस दुपारीच सुटलं आणि मी फोर्टातून ठाकूरद्वारला उन्हातून चालत आले. दुसऱ्या दिवशी मुंग्या सुरू झाल्या. भाचीचं बारसं चार दिवसांवर होतं, आणि मी तिची एकुलती एक आत्या. तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव मीच सांगायचं होतं.

आमच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं की हा रोग अंगात दडून राहतो, माणूस दमला, उन्हात फिरला की वर येतो. फोड असेपर्यंत पेला आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, आणि तान्ह्या मुलाजवळ तोंड न्यायचं नाही, त्याच्या जिवावर बेतू शकतं. दादाला मी हे आदल्या दिवशी सांगितलं. पदर धर तोंडावर, तो म्हणाला. मी तेव्हाच हटून बसायला हवं होतं. नाही बसले.

बारसं वहिनीच्या माहेरी होतं, लालबागच्या चाळीत. वहिनीच्या आईने माझा ओठ पाहिला आणि झुरळाने चाटलं असेल, लोणी लाव, असं सांगून मला पाळण्यापाशी उभं केलं. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका मागे सरसावल्याच होत्या.

"मी नाही सांगत," मी म्हटलं. "इन्फेक्शन आहे."

घाबरले की मला शाळेतले इंग्रजी शब्द आधी सुचतात.

"म्हंजे काय गो?" वहिनीची आई म्हणाली. "आमच्या नातीच्या कानाक तोंड लावूक लाज वाटता तुका?"

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, पण आवाज इतका बारीक की पुढच्या दोघींनाच ऐकू गेलं असेल. इथूनच मोठ्याने सांगते, असंही म्हटलं. नाव कानातच सांगायचं असतं, कुणीतरी म्हणालं. वहिनी माझ्या ओठाकडे बघत राहिली. मग तिने पाळणा आपल्याकडे ओढून घेतला.

"मामी, तुम्ही सांगा," ती मागे उभ्या असलेल्या आपल्या मामींना म्हणाली.

मामींनी सांगितलं. धपाटे त्यांच्या पाठीत पडले. घरी जाताना ट्राममध्ये दादा माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसला.

तीन-चार महिन्यांनी वहिनीची आई बाळाला घेऊन आमच्याकडे आली. बाळ गुटगुटीत होतं, अंगावर कुठे पुरळ नाही, काही नाही.

"बघ, काय झाला? काय एक झाला नाय. फुकट हट्ट केलंस."

काही झालं नाही, तेच तर मला हवं होतं, हे तिला सांगावंसं वाटलं. पण मी नुकतीच ऑफिसातून आले होते आणि वाद घालायचं त्राण नव्हतं. हो म्हटलं. ओठावर एकदा बोट फिरवून पाहिलं, कुठे चुरचुरत नव्हतं, आणि बाळाला मांडीवर घेतलं.