स्पीकरवरचं कुंकू

माझ्या गिटारच्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर उंदरानं कुरतडला, तोही नेमका नवरात्रात. दसऱ्याच्या संध्याकाळी हिंगोलीत आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि मालकांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "यंदा तुमचा आवाज फाटला, तर तुमच्या खुर्चीवर कॅसिओवाला बसवतो." दोन हजार सालानंतरचे दिवस होते ते. एकटा कॅसिओ चार वाद्यांचं काम करायचा, हे मालक उठता-बसता ऐकवायचे.

कळमनुरीतल्या मिस्त्रीचा जन्म मांडवाचे भोंगे आणि ट्रॅक्टरचे टेप दुरुस्त करण्यात गेलेला. त्यानं टेपचाच एक स्पीकर पुढं केला. मी म्हटलं, "माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर आठ ओम लिहिलंय, हा चारचा आहे. पेटी जळायची."

"तुमी लई शिकलेले," म्हणून तो भोंग्याकडं वळला.

झक मारत एसटीनं नांदेडला गेलो, दुकानं पालथी घातली, आठ ओमचा आणला. तर त्याची भोकं जुळेनात! मिस्त्रीनं कुरकुरत नवी भोकं पाडली, तारांना कथलाचा डाग दिला आणि आवाज निघाला, अगदी खणखणीत. फक्त नव्या स्पीकरची कड जाड असल्यानं पुढची जाळी बसेना. "जाळी दसरा झाल्यावर कापून देतो. तवर उघडाच वाजवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमचे अण्णा, म्हणजे वडील, देवळातले पुजारी. माझ्या गिटारला ते 'ते लाकूड' म्हणत आणि तिच्याकडं बघतसुद्धा नसत. मी झेंडू आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर देवघरापुढं विळी, कात्री, कुऱ्हाड आणि त्यांच्या शेजारी माझी गिटार अन् अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकरच्या काळ्या कागदावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, वरून पळीभर पाणी.

"तुजं हत्यार हाय ना हे," अण्णा हसून म्हणाले. "इतकी वर्षं राहूनच गेलं."

"अहो, कागद आहे तो!" मी ओरडलो. "कुणी सांगितले होते नसते उद्योग?"

अण्णा गडबडले. खांद्यावरच्या उपरण्यानं घाईघाईनं कुंकू पुसायला गेले आणि भिजलेला कागद टरकन फाटला.

पेटी उचलून मिस्त्रीकडं पळालो. तिथं पक्कड, पेचकस, डाग द्यायची इस्त्री, सगळं पाटावर ओळीनं मांडलेलं, प्रत्येकावर फूल.

"तो टेपचाच बसवा," मी चक्क हात जोडले. "चार ओम तर चार ओम."

"आज न्हाई. उद्या सीमोल्लंघन झालं की या."

"उद्या त्याच वेळेला कार्यक्रम आहे हो!"

"तुमची तकलीफ समजते. पण पुजलेलं हत्यार काहून उचलू?"

घरी मीही तेच मानत आलो होतो.

दसऱ्याला माझ्या खुर्चीवर कॅसिओवाला बसला. मी प्रेक्षकांत होतो. गिटार नाही हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, याचा संताप मला अजून येतो. पुढं मिस्त्रीनं नवा स्पीकर बसवला, जाळीही कापून दिली. खुर्ची मात्र गेली ती गेलीच.

त्यानंतर दर खंडेनवमीला अण्णा माझी पेटी स्वतः उचलून पाटाशी ठेवत. कुंकू लावत ते तिच्यापासून वीतभर लांब, फरशीवर. मग माझ्याकडं बघून म्हणत, "त्याला लावलं न्हाई बरं का."

मी नुसती मान हलवायचो. पेटीला चांगल्या चार लाकडी बाजू होत्या. 'अण्णा, लाकडावर लावा, त्याला काही होत नाही,' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? अण्णा गेले तोवर दहा खंडेनवम्या झाल्या आणि दहाही वेळा मी म्हटलं नाही.