अभिमन्यू मिस्त्रींनी पीठ मागितलं नाही

घाटनांदूरहून आमच्या शेताकडे वळलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. त्याला पाटी नाही आणि कधी लागलीही नाही. ट्रॅक्टर बिघडलेला माणूस आपोआप तिथे पोचतो. ते शेड अभिमन्यू मिस्त्रींचं. सध्या ते बंद आहे.

मिस्त्री काम शिकले माजलगावला, उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर. तिथून तीस वर्षांपूर्वी ते इकडे आले. आमचा ट्रॅक्टर त्याच्याही आधीचा. माझे यजमान होते तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

"तेल जिथं दिसतंय तिथं गळत नसतंय," असं ते नेहमी सांगत. वरच्या एखाद्या जोडातून सुटलेलं तेल धुळीतून वाट काढत खाली उतरतं आणि भलत्याच नटावर थेंब धरतं. नवखा माणूस तो नट आवळत बसतो. मिस्त्री आधी सगळं डिझेलने धुवायचे, फडक्याने कोरडं करायचे आणि मग घराकडे तोंड करून हाक द्यायचे, "वैनी, वाटीभर पीठ!" ज्वारीचंच हवं, गव्हाचं चिकटतं. पाइपांवर आणि जोडांवर ते पीठ उडवायचं, इंजिन चालू करून अवजारं उचलणारी मागची लिफ्ट वर घ्यायची आणि उकिडवं बसून बघत राहायचं. पीठ जिथे पहिल्यांदा काळं पडेल तिथे गळती. माझ्या डायऱ्यांतून हे कितीदा तरी आलं आहे: मिस्त्री आले, वाटीभर पीठ दिलं, वॉशर बदललं.

ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती आणि लिफ्ट पाळीचं अवजार वर धरेना. उचलली की हळूहळू खाली बसायची. आमची जमीन बटईने करणारा तानाजी सोमवारी सकाळी मिस्त्रींना घेऊन आला.

"मिस्तरी, औंदा ह्याला भंगारात घाला," तानाजी म्हणाला.

"टॅक्टर तरणा हाय बे. चालिवणाराच म्हातारा झालाय, त्याला घालू का?"

धुणं-पुसणं झालं. जुन्या सवयीने मी वाटी घेऊन ओट्यावर तयारच होते.

"ऱ्हाऊ द्या, वैनी," मिस्त्री म्हणाले. "आता हातालाच कळतं."

मी पीठ परत डब्यात ओतलं. इंजिन चालू झालं, तानाजीने लिफ्ट उचलली आणि मिस्त्री पंपाकडून येणाऱ्या लोखंडी पाइपावरून बोट फिरवू लागले. एकदम त्यांनी हात झटकला.

"गांधील चावल्यागत झालं! पर घावलं बघा. पट्टीच्या खाली पाइप घासून घासून झिजलाय." त्यांचा चेहरा खुलला होता.

मी घड्याळात पाहून डायरीत वेळ टिपली. दहा चाळीस. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर सुई टोचल्याएवढा ठिपका होता. रक्त नव्हतं. त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना त्यावर लावला आणि चहा मागितला. चहा मात्र डाव्या हाताने घेतला.

"बोट दुखतंय का?"

"दुखत न्हाई, बधिर झालंय."

ते बोट पांढरंफटक दिसत होतं. मला ट्रॅक्टरचं पुस्तक आठवलं. यजमानांनी ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. ते इंग्रजीत आहे, म्हणून मी वाचायचे आणि ते ऐकायचे. पण त्यांना तेल कुठलं आणि पाना कितीचा एवढंच हवं असे, मीही तेवढंच वाचत आले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला सूचनांची पानं आधी वाचायला लावायच्या. या पुस्तकाची ती पानं मी कधी उघडली नव्हती.

त्या दिवशी उघडली. एका चित्रात हात होता आणि त्यावर फुली. गळती हाताने शोधू नका, पुठ्ठा धरा, असं लिहिलं होतं. दाबाखालचं तेल केसाएवढ्या भोकातून कातडीत घुसतं. जखम दिसत नाही, पण काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो अवयव जाऊ शकतो. मी ते मिस्त्रींना मराठीत सांगितलं.

"सुई टोचली म्हणून अंबाजोगाईला जाऊ? गाव हसंल, वैनी."

मला काही त्यांना हलवता आलं नाही. तासाभराने पुन्हा सांगितलं, तेव्हा ते नवा पाइप कुठे मिळेल ते तानाजीला समजावत होते. एक वाजेपर्यंत बोट सुजून वांग्यासारखं झालं आणि कळ मनगटापर्यंत गेली. तेव्हा कुठे ते जायला तयार झाले. तानाजी भामाबाईंना, मिस्त्रींच्या बायकोला, घेऊन आला. जीप मिळून निघेपर्यंत सव्वादोन झाले.

वाटेत मी विचारलं, "पीठ नको का म्हणालात?"

त्यांनी सुजलेला हात पोटाशी धरला. मग म्हणाले, "पिठावरचा डाग दिसत न्हाई मला. दोन सालं झाली. समदं धुक्यात हाय."

"मला कावून न्हाई सांगितलं?" भामाबाई म्हणाल्या.

"तुला सांगितलं तर घाटनांदूरला कळायला किती येळ? अन् कळल्यावर आंधळ्याकडं टॅक्टर कोण आणतंय?"

भामाबाईंनी पदराच्या टोकाने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कधी झालं विचारलं. "तासभर झाला आसंल," मिस्त्री म्हणाले.

"दहा चाळीसला," मी म्हणाले आणि पिशवीतली डायरी पुढे केली. तेव्हा सव्वातीन वाजले होते. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच आतल्या दोन डॉक्टरांना हाका मारल्या.

त्या संध्याकाळी बोट तळव्यापर्यंत उघडून आत गेलेलं तेल धुवून काढलं. चौथ्या दिवशी बोट मुळातून काढावं लागलं. हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. "पाना धरता येईल का?" मिस्त्रींनी विचारलं. "बघू," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी मागच्या डायऱ्या काढल्या. गेल्या वर्षी मिस्त्री तीनदा आले होते, यंदा त्या सोमवारआधी दोनदा. पाचही नोंदींत पीठ नाही. हे सगळं माझ्याच अक्षरात होतं, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. सोमवारच्या पानावर तर दोन ओळी एकाखाली एक आहेत: आज पीठ नको म्हणाले. दहा चाळीस, बोटाला काही टोचलं.

आमची पेरणी तानाजीने दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने उरकली. आमचा तसाच उभा होता. काल मिस्त्री भामाबाईंना घेऊन आले, बोलावलं नसताना. दवाखान्यात डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता, त्याच्या ऑपरेशनचं मी विचारलं. "आधी ह्ये भरू द्या," ते हाताकडे बघून म्हणाले. मग दगडावर बसले आणि गळतीची जागा ठाऊक असतानाही पूर्वीसारखी हाक मारली, "वैनी, वाटीभर पीठ."

मी पीठ आणि एक पुठ्ठाही आणला. डाव्या हाताने त्यांनी पीठ उडवलं. तानाजीने इंजिन चालू करून लिफ्ट उचलली. भामाबाई थोड्या लांब बसून पुठ्ठा पुढे धरून होत्या.

"कुठं काळं पडलं?"

"कुठंच न्हाई."

"नीट बघ की. तीस सालं भाकरीचं पीठ बघतीस."

"तुमी गप ऱ्हावा. पडलं! पट्टीच्या खाली."

सवयीने त्यांचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो मांडीवर घेतला. इंजिन बंद करायला लावलं, लिफ्ट पूर्ण खाली घ्यायला लावली, मग पाना मागितला. उजव्या हाताने नटावर बसवला तेव्हा तो निसटून जमिनीवर पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. तानाजी पुढे झाला तसं त्यांनी त्याला नुसतं बघून थांबवलं.

भामाबाईंनी पाना उचलला आणि स्वतःच नटावर बसवला.

"तसं न्हाई. माझ्याकडं वढ," मिस्त्री म्हणाले. "हळू."

झिजलेला पाइप निघाला. नवा आणायला तानाजी गेला आहे. शेड कधी उघडणार, हे मी विचारलं नाही. काल डायरीत लिहिलं: मिस्त्री आले. वाटीभर पीठ दिलं. नट भामाबाईंनी सोडवला.