पाळीला तीन बोटं

मालगुजारी गेली, गावचा तलाव सरकारजमा झाला आणि बकाराम पाणकराचं डोकं फिरलं. तीस वर्षं तलावाचं दार त्यानंच उघडलं-मिटलं होतं. आता एक पोरगेलासा ओव्हरसियर सायकलवरून यायचा, अन् बकारामानं त्याला ‘साहेब’ म्हणायचं!

त्रेपन्न साली पाऊस दसऱ्याआधीच पळाला. धान पोटरीत आलेलं, आणखी तीस दिवस पाणी हवं. बांधावर उभं राहून साहेबानं विचारलं, “पाणी किती उतरतं?”

“तीन बोटं,” बकाराम तुसडेपणानं म्हणाला. दिवसाची एक पाळी, रात्रीची एक. तीन बोटं पाळीला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते काय सांगायचं?

तलावात पाणी पाच हात, म्हणजे एकशेवीस बोटं. साहेबानं भागलं अन् म्हणाला, “चाळीस. पुरेल.”

चाळीस पाळ्या, म्हणजे वीसच दिवस, असं बकारामानं धरलं. साहेब आता रातची पाळी बंद करेल म्हणून तो हुकमाची वाट पाहत बसला. आपण होऊन विचारायला कोण जातो त्या टिकोजीरावाला! चौदा दिवस गेले, छत्तीस बोटं उरली, तेव्हा मात्र तो तणतणत कचेरीत गेला.

“रातची पाळी काऊन चालू ठेवून राहिले जी?”

“चाळीस दिवस पाणी आहे ना!”

“दिवस? पाळ्या जी, पाळ्या! इतकंही समजत नाही का तुमाले?”

साहेबानं हिशेबाचा कागद पुढे सरकवला. “तीन कशाचे, ते तू बोललास का?”

“अन् चाळीस कशाचे, ते तुमी बोलले का?”

रात्रीची पाळी त्याच दिवशी बंद झाली. तरी पाणी बाराच दिवस पुरणार होतं. चार दिवस कमी. मग शेवटच्या बांध्यांचं, म्हणजे टोकाच्या धानखाचरांचं, पाणी तोडायचं ठरलं. तिथं धुरपताची दोन एकरं होती. एकटी बाई, दुसरं काही नाही. सांगायला बकारामालाच धाडलं.

धुरपता लोंबीतलं दूध दाबून पाहत होती. वाटेत त्यानं साहेबाला घालायच्या शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या त्यानं दिल्या, मग पाणी बंद झाल्याचं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. “साहेब तं परका हाये, भाऊ,” ती म्हणाली. “तुमाले पुरं सांगाले काय झालं होतं?”

फावडं उचलून बकारामानं तिच्या बांधीचं तोंड मातीनं बुजवलं.